डबी कोणाच्या ताब्यात

माझ्या आजीने आपल्या प्रत्येक लेकराला अफू दिली होती. ही गोष्ट ती लपवत नसे आणि मिरवतही नसे. घुटी दिली, तेल लावलं, दृष्ट काढली, अफू दिली, सगळं ती एकाच सुरात सांगायची. मेहकर तालुक्यातलं पैनगंगेकाठचं गाव, घरची जमीन नावापुरती, बाकी सगळं पोट दुसऱ्याच्या वावरातल्या रोजीवर. कापूस वेचायच्या दिवसांत तांबडं फुटताना घर सोडायचं आणि दिवेलागणीला परतायचं. तान्हं मूल बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्यात ठेवायचं. ते रडलं की बाईला हातातली पात सोडून उठावं लागे, आणि सारखं उठणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कोणी कामाला बोलावत नसे. म्हणून सकाळी सहाणेवर घुटी उगाळताना वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड यांच्या वेढ्यांबरोबर अफूचाही मोहरीएवढा कण उगाळला जाई. मूल दुपारपर्यंत निजून राही.

तिची अफू पितळेच्या एका डबीत असायची. डबी लाकडी पेटीत, पेटीची किल्ली तिच्या कमरेला. घरातल्या कोणालाही त्या डबीला हात लावता येत नसे. आजोबांची दाढ दुखली तरी त्यांना मागूनच घ्यावी लागे, आणि ती किती द्यायची ते ती ठरवी.

मी औषधनिर्माता म्हणून जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या औषधखिडकीत नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे आईबाप घरी येतात. पोराच्या दप्तरात गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलेलं असतं. आजीच्या गुडघ्याच्या गोळ्या महिन्याच्या मध्यावरच संपलेल्या असतात. पोरगी डोकं दुखतं म्हणून दिवसाला तीन-चार गोळ्या घेत असते. आई हळू आवाजात विचारते, "मॅडम, हे पोट्टं गोया खाते की काय, कसं ओयखायचं?" बाप बहुतेक वेळा दाराशी उभा असतो, बसत नाही. त्यांना वाटतं, हे संकट त्यांच्याच घरावर आणि आत्ताच कोसळलं आहे. मला मात्र यात फार जुनी गोष्ट दिसते. वऱ्हाडातल्या घरांत वेदना मारणारं द्रव्य दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. ते घरात कसं आलं, कोणाच्या ताब्यात राहिलं आणि त्याचा ताबा कधी सुटला, हे समजलं तर आज काय करायचं तेही बरंचसं समजतं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तो आपल्या नावाच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. मुलूख कागदोपत्री निजामाचा राहिला, महसूल इंग्रज गोळा करू लागले. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो या कापसासाठीच. (खामगाव तेव्हा आपल्या जिल्ह्यात नव्हतं, खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ मध्ये बुलढाण्याला जोडले गेले.) कापसाचा पैसा कोणाकडे गेला याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. कापूस वेचणाऱ्या बायांच्या पाठीचं आणि बोटांचं काय झालं, हे फारसं कोणी लिहिलं नाही. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं फाटत, कंबर धरे, आणि त्यातच अंगावर पिणारं मूल. अफूची गरज कुठून आली हे समजायला मला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

आणि अफू सहज मिळत होती. १८७८ च्या अफू कायद्याने ती बाळगणं, नेणं-आणणं आणि विकणं परवान्याखाली आलं. दुकानाच्या परवान्याचा लिलाव होई, पैसा सरकारी खजिन्यात जाई. विकणाऱ्याला परवाना लागे, घेणाऱ्याला वैद्याची किंवा डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे. एका वेळी जवळ किती बाळगता येईल यावर तेवढी मर्यादा होती. आजीची अफू अशीच, आठवडी बाजाराच्या दिवशी मिठामिरचीबरोबर यायची.

विलायतेत या धंद्याविरुद्ध ओरड झाली तेव्हा १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. नऊ सदस्यांत दोन हिंदी होते: दरभंग्याचे महाराज लक्ष्मीश्वर सिंह आणि जुनागढचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई. सातशेहून अधिक साक्षी झाल्या. १८९५ मध्ये अहवाल आला तो असा की हिंदुस्थानातले लोक अफू बेताने घेतात, तिने फारसं नुकसान होत नाही, औषधाखेरीज इतर वापरावर बंदी घालायचं कारण नाही. हेन्री विल्सन या एका सदस्याने तेवढी असहमती नोंदवली. मुलांना अफू देण्याची चाल देशाच्या मोठ्या भागात आहे, हे कमिशनपुढे आलं होतं. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका मुलांना देत त्या गोळीला तर बाळागोळी असं लाडकं नावच होतं. पण आईला मुलाला दिवसभर निजवून ठेवावं का लागतं, हा प्रश्न त्या चौकशीच्या मुळाशी गेलाच नाही. माझ्या मते त्या कमिशनची सर्वांत मोठी चूक हीच होती. विचारणा झाली ती मालाची, महसुलाची आणि सवयीची. दुखण्याची झाली नाही. आजही घरात गोळी सापडली की आपण तेच करतो: गोळी कुठून आणली, कोणी दिली, पैसे कुठले. काय दुखतंय, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो, कधी कधी येतच नाही.

दवाखान्यांतही तेच द्रव्य दुसऱ्या रूपात होतं. सर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूपासून मॉर्फिन वेगळं काढलं होतं. हिंदुस्थानात इंग्रजी फौजेत डॉक्टर असलेल्या कॉलिस ब्राउन याने पटकीवर म्हणून क्लोरोडाइन बनवलं, त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. पोटदुखी, हगवण, खोकला, झोप न येणं, सगळ्यांवर तीच बाटली. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने खोकल्याचं औषध म्हणून हेरॉइन बाजारात आणलं, आणि त्याच कारखान्यात त्याच सुमारास ॲस्पिरिनही तयार झालं. हा इतिहास मी आईबापांना मुद्दाम सांगते. कारण पुष्कळांच्या मनात औषध एका बाजूला आणि नशा दुसऱ्या बाजूला अशी पक्की भिंत असते. 'मेडिकलमधली गोळी आहे, दारू थोडीच आहे' असं बाप म्हणतो तेव्हा तो या भिंतीवर विसंबलेला असतो. ती भिंत कधीच नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा जुने कंपाउंडर अजून होते. त्यांच्याकडून मी मिक्श्चरचा जमाना ऐकला. रोगी बाटली घरून घेऊन येई. कंपाउंडर तीत गुलाबी किंवा तपकिरी औषध भरी आणि कागदाची पट्टी दुमडून, कात्रीने कोपरे कापून बाटलीला चिकटवी. एक खूण म्हणजे एक डोस. तीन दिवसांचं औषध तीन दिवसांतच संपायचं, उरायचं नाही, कारण तेवढंच भरलेलं असायचं. अंगदुखीवर एपीसी नावाची पांढरी गोळी होती: ॲस्पिरिन, फिनॅसिटिन आणि कॅफिन. गावोगावचे लोक तिला नावाने ओळखत. पुढे फिनॅसिटिनने मूत्रपिंड बिघडतं हे कळलं आणि ते बंद झालं. पण बैलगाडीतून उतरून 'ताकदीची गोळी द्या' म्हणणारा माणूस तोवर तयार झाला होता.

अफूचं दुकान बंद झालं ते स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषदेत ठरलं की औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत संपवायचा, आणि ३१ मार्च १९५९ ही तारीख धरली गेली. आजीच्या डबीतली अफू कधी संपली ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. डबी मात्र राहिली. त्यात ती पुढे कुंकू ठेवायची. अफूची शेती आपल्याकडून कायमची गेली असंही म्हणता येत नाही. २०२५ मध्ये देऊळगाव राजा तालुक्यातल्या अंढेरा शिवारात लपवून लावलेलं अफूचं पीक पोलिसांनी पकडलं तेव्हा जिल्ह्यात मोठी खळबळ झाली. महिनाभर लोक त्याच विषयावर बोलत होते. त्याच महिन्यात किती घरांत आजीच्या पाकिटातून गोळ्या जात होत्या, यावर कोणी बोललं नाही. शेतातली अफू दिसते, डब्यातली दिसत नाही.

हा डबा कसा तयार झाला तेच खरं सांगायचं आहे. १९७० च्या दशकानंतर गोळ्या स्वस्त झाल्या, ॲल्युमिनियमच्या पाकिटात आल्या, तालुक्याला मेडिकल झालं आणि मग मोठ्या गावांतही. मिक्श्चरची बाटली गेली, पाच दिवसांच्या गोळ्या आल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या डब्यात. मिठाईचा रिकामा डबा, प्लास्टिकची बरणी, देव्हाऱ्याखालचा खण, फ्रीजवरची पिशवी. त्यात आजोबांच्या ऑपरेशनच्या, आईच्या पाठीच्या, काकाच्या अपघाताच्या, कोणाच्या तरी खोकल्याच्या. ना किल्ली, ना हिशेब. सोयाबीनच्या सोंगणीला जाताना मजुरीच्या डब्यात भाकरीबरोबर दोन गोळ्या बांधून नेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. फवारणीचा पंप पाठीवर घेणारा माणूस संध्याकाळी गोळी घेऊनच झोपतो. मूल हे रोज बघतं. दुखलं की सोसायचं नाही, थांबायचं नाही, विचारायचं नाही, गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं, हे त्याला घरातच शिकायला मिळतं.

इथे गिधाडांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायचे तिथे गिधाडांचे थवे उतरत. मग ती दिसेनाशी झाली. शास्त्रज्ञांनी कारण शोधलं: बैलाच्या दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं गेलं. माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरत म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद करून एका वेळेपुरतीच कुपी ठेवली. वेदना मारणाऱ्या औषधाने अख्खं आभाळ रिकामं केलं आणि आम्हाला वर्षानुवर्षं पत्ता नव्हता.

डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन या गोळ्यांची नशा येत नाही. त्या जास्त घेतल्या तर पोट, यकृत, मूत्रपिंड बिघडतं, आणि डोकेदुखीवर रोज घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. दिवसाला तीन-चार गोळ्या घेणाऱ्या त्या मुलीचं असंच झालं होतं. तिला चष्मा लागला होता आणि कोणी डोळे तपासलेच नव्हते. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, पेन्टाझोसिन यांची जात वेगळी. ही अफूच्याच घराण्यातली, काही तिच्यापासून काढलेली, काही प्रयोगशाळेत तशीच काम करणारी बनवलेली. ट्रामाडॉल जर्मनीत १९७७ मध्ये बाजारात आलं आणि सवय फारशी लागत नाही अशी त्याची ख्याती झाली. आपल्याकडे ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं एकदम एप्रिल २०१८ मध्ये. त्याआधी २०१३ मध्ये डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन थांबवलं गेलं होतं. मार्च २०१४ पासून एच-वन ही यादी लागू झाली, तिच्यातलं औषध विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. कोडीन आणि क्लोरफेनिरामिन असलेल्या खोकल्याच्या औषधावर जून २०२३ मध्ये बंदी आली.

वाचकाने हे लक्षात घ्यावं की १८७८ पासून आजपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक नियम दुकानावर नजर ठेवतो. परवाना दुकानाला, वही दुकानात, छापा दुकानावर. हे हवंच. पण दुकानातून एकदा रीतसर, चिठ्ठीवर, वहीत लिहून बाहेर पडलेली गोळी घरात आली की तिच्यावर नजर कोणाचीच नसते. आजीच्या काळात ती होती. मी आजीच्या काळाचं कौतुक करत नाही, तान्ह्या मुलांना अफू देणं वाईटच होतं आणि त्यात किती मुलं दगावली असतील याचा विचार करवत नाही. पण आपल्या हातातलं द्रव्य जपून वापरायचं आहे, हे त्या निरक्षर बाईला माहीत होतं, आणि म्हणून किल्ली तिच्या कमरेला होती.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करवलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात अफूच्या जातीचे पदार्थ घेणाऱ्यांत हेरॉइन घेणारे लोकसंख्येच्या १.१४ टक्के, औषधी गोळ्या-इंजेक्शनं घेणारे ०.९६ टक्के आणि अफू घेणारे ०.५२ टक्के निघाले. म्हणजे कारखान्यातून आलेलं औषध अफूच्या पुढे गेलं आहे. आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरात 'बटन' आणि मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावांनी झोपेच्या गोळ्या विकल्या गेल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्या वेदनाशामक नव्हेत, पण पोरं दोन्ही एकत्र घेतात, आणि ते एकत्र घेणं श्वास बंद पाडू शकतं.

महाराष्ट्रात आईबापांच्या हतबलतेला उत्तर मिळालं ते पुण्यात. ऐंशीच्या दशकात गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन आलं, लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये त्यांनी व डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानचा आधार त्यामागे होता. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अंमली पदार्थांचा नवा कायदा झाला होता. कायद्याला त्या मुलांत गुन्हेगार दिसत होता. मुक्तांगणने त्यांच्यात रोगी पाहिला, आणि त्याबरोबर घरच्यांनाही उपचारात ओढलं. आमच्या सरकारी खात्यातल्या कितीतरी जणांची दृष्टी त्या कामाने बदलली, माझीही.

पण बुलढाण्याहून पुणे लांब आहे. आपल्याकडे घरातलं पोरगं विचित्र वागायला लागलं की पहिलं नाव निघतं ते सैलानीचं. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा, होळीच्या सुमारास भरणारी यात्रा, नारळांची होळी, आणि वर्षभर तिथे आणली जाणारी मनाने बिघडलेली माणसं. सर्व धर्मांचे लोक येतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला वाईट बोलायचं नाही, हताश माणसाला कुठेतरी बसून रडायला जागा लागते. मात्र तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं आगीत होरपळून गेली, हे मी प्रत्येक बापाला सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे. दर्शन घ्या, नवस बोला, पण पोराला बांधू नका आणि औषधोपचार थांबवू नका.

सिंदखेड राजाकडच्या एका कुटुंबाची हकीकत सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. मुलगा बारावीत, भरतीचं वय जवळ आलेलं, पहाटे सोळाशे मीटरचा सराव. नडगीचं हाड दुखायचं. सोबतच्या मोठ्या पोरांनी सांगितलं, एक गोळी घेऊन धाव, दुखणारच नाही. घरात आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं ट्रामाडॉल होतं. दुखणं खरंच थांबलं, शिवाय मन हलकं झालं, अभ्यासाची, भरतीची, कर्जाची सगळी भीती काही तास गेली. मग धावायचं नसतानाही गोळी सुरू झाली. आईला आधी दिसलं ते हे: जेवण कमी, शौचाला होत नाही म्हणून तक्रार, अंग खाजवत बसणं, बोलता बोलता पेंगणं, उजेड नसतानाही डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. तिने सासूच्या गोळ्या मोजायला सुरुवात केली. मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं. कोणी न सांगता तिला हिशेब सुचला.

बापाने काय केलं ते कोणीही ओळखेल. मारलं, फोन काढून घेतला, खोलीत कोंडलं. दुसऱ्या दिवशी पोराच्या नाकाडोळ्यांतून पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, पायांत गोळे, जुलाब, रात्रभर झोप नाही. घरच्यांना थंडीताप वाटला. ती गोळी अचानक तुटल्याची लक्षणं होती. पोरगं नाटक करत नसतं, त्याचं शरीर खरंच तडफडत असतं, आणि त्या अवस्थेत ते काहीही करून गोळी मिळवतं. झोपेच्या गोळ्या तर अशा एकदम तोडल्या तर झटके येतात. म्हणून घरच्या घरी कोंडून 'सोडवणं' हा प्रकार करायचा नाही. किती, कसं आणि कोणत्या औषधाच्या आधाराने कमी करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

ते माझ्याकडे आले तेव्हा मी पहिल्यांदा पाकीट मागितलं. कंपनीचं मोठं नाव वाचू नका, त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं ते बघा. डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एनआरएक्स' असेल तर ते अंमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध आहे. पाकीट फेकू नका, घेऊन कोणत्याही औषधनिर्मात्याकडे जा, तो सांगेल. मग मी बापाला खाली बसवलं आणि मुलाला त्याच्यासमोर एकच विचारलं, "काय दुखते बापू?" तो आधी नडगी म्हणाला. बऱ्याच वेळाने बाकीचं बोलला. बाप ऐकत होता. पोरगं गुंगीत असताना, रात्री, पाहुण्यांसमोर हे बोलणं काढू नये. सकाळी, पोटात काही असताना, एकांतात बोलावं, आणि शंका आहे तेवढीच सांगावी: गोळ्या कमी झाल्या, मी मोजल्या, मला काळजी वाटते. शपथा घ्यायला लावू नये. शपथ मोडली की खोटं बोलणं सुरू होतं.

त्यांना सर्वांत जास्त भीती पोलिसांची होती. नाव लागलं तर भरती गेली, हे दोघांच्याही डोळ्यांत दिसत होतं. अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे: जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला जातो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याखाली खटल्यापासून संरक्षण मिळतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. उलट अल्पवयीन मुलाला डॉक्टरच्या सांगण्याशिवाय असं औषध देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे भ्यायचं असेल तर विकणाऱ्याने भ्यावं. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं. घरून निघण्याआधी नुसतं विचारायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा फोन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि मूल हलवून जागं होत नसेल, श्वास संथ आणि घरघरता असेल, ओठ निळसर झाले असतील, तर लिंबू, ताक, मीठपाणी काही पाजू नका. कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा, पाकीट सोबत न्या. दवाखान्यात या विषावर उतारा असतो.

त्या मुलाला बरं व्हायला बरेच महिने लागले, मध्ये एकदा तो पुन्हा घसरला. आई तेव्हा खचली होती. घसरणं या आजारात येतंच, ते उपचार फसल्याचं लक्षण नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. नडगीवर त्याला विश्रांती, बर्फ आणि चांगले बूट एवढंच लागत होतं.

आता मागणं आहे ते व्यवस्थेकडे. घराघरांत उरलेल्या गोळ्यांचं करायचं काय, हे लोकांना कोणी सांगत नाही. उकिरड्यावर टाकल्या तर गुरं खातात, चुलीत जाळल्या तर धूर. केरळने २०२५ मध्ये घरांतली वापरात नसलेली औषधं गोळा करायला सुरुवात केली. आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीशेजारी कुलूपबंद पेटी ठेवायला, तिच्यावर मराठीत आणि हिंदीत पाटी लावायला, आणि महिन्यातून एकदा ती औषधनिर्मात्यासमोर उघडून नोंद करायला फार पैसा लागत नाही. सोंगणीच्या आधी, शाळा सुरू होण्याच्या आधी आशाताई घरोघरी जातातच. त्यांनी पाच मिनिटं घरातल्या त्या डब्यासमोर बसावं, लाल अक्षरांची पाकिटं वेगळी काढावीत आणि उरलेली औषधं कोणाच्या ताब्यात राहतील ते घरच्या बाईला आणि बाप्याला, दोघांनाही विचारावं.